गाडीची झळाळी आणि सर्व्हिसिंगचा हिशेब

पुणे, प्रतिनिधी – सकाळी सहाच्या सुमारास शहरातील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळात गेले, तर एकच दृश्य दिसते. एक बादली पाणी, दोन फडकी आणि ओळीने उभ्या पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीवरून फिरलेले फडके त्याच बादलीत बुडते, पिळले जाते आणि दुसऱ्या गाडीवर चढते. शेवटच्या गाडीची पाळी येईपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा झालेला असतो. महिन्याकाठी काही शे रुपयांत गाडी रोज पुसून मिळते, म्हणून मालक समाधानी असतो. दोन-तीन वर्षांनी एखाद्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली गाडी थांबते आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा चमकू लागतात. मग सुरू होते डिटेलिंग स्टुडिओची वारी. तेथे सिरॅमिक, ग्राफिन, पीपीएफ अशा नावांचा आणि हजारांपासून लाखांपर्यंतच्या दरपत्रकांचा मारा होतो.

गाडी केवळ ये-जा करण्याचे साधन न मानणारा, तिच्यावर मनापासून जीव लावणारा एक वर्ग शहरांत चांगलाच वाढला आहे. कर्ज काढून घेतलेली पहिली टर्बो हॅचबॅक असो, पंधरा वर्षे जपलेली जुनी सेडान असो किंवा घाटवाटा तुडवण्यासाठी घेतलेली एसयूव्ही असो, या मालकांची खर्च करण्याची तयारी असते. अडचण असते ती कशावर खर्च करावा, याची. गाडीचा मूळ रंग एकदा गेला की तो कोणत्याही पैशाने परत येत नाही. चकचकीत दिसणाऱ्या गाडीचे ब्रेक उताराला साथ देतीलच, असेही नाही. त्यामुळे या खर्चाचा क्रम लावण्यापूर्वी रंग म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

केसापेक्षाही पातळ

कारखान्यात गाडीच्या पोलादी सांगाड्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. त्यानंतर संपूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विद्युतप्रवाहाच्या साह्याने गंजरोधक थर चढवला जातो. दारांच्या आतल्या पोकळ्यांपर्यंत पोहोचणारा हा थर गंजापासूनचे खरे संरक्षण असतो. त्यावर प्रायमर, त्यावर डोळ्यांना दिसणारा रंग म्हणजे बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सर्व थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा असतो अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्या थराच्या जिवावर गाडीची सारी झळाळी उभी असते तो किती नाजूक आहे, याची कल्पना येईल.

क्लिअर कोटचे काम केवळ चमक देण्याचे नाही. सूर्याची अतिनील किरणे शोषणारी रसायने त्यात मिसळलेली असतात. हा थर पातळ झाला की खालचा रंग उन्हाच्या तावडीत सापडतो. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढुरके, पापुद्रे सुटल्यासारखे चट्टे दिसतात, ते याच थराच्या मृत्यूचे लक्षण. तेथे कितीही पॉलिश केले तरी उपयोग होत नाही. रंगच नव्याने द्यावा लागतो.

नव्याने दिलेला रंग आणि कारखान्यातला रंग यांत मोठा फरक असतो. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीत प्लास्टिक, रबर, वायरिंग, आसने असे सारे बसलेले असल्याने गॅरेजच्या पेंट बूथमध्ये तापमान ६० ते ८० अंशांच्या पलीकडे नेता येत नाही. त्यासाठी वेगळे, दोन घटक मिसळून कडक होणारे रंग वापरतात. चांगल्या कारागिराच्या हातून ते उत्तम बसतात, पण मेटॅलिक किंवा मोतिया छटा शेजारच्या पत्र्याशी हुबेहूब जुळणे अवघड असते. जाणकार खरेदीदार जुनी गाडी पाहताना रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र बरोबर आणतात ते याचसाठी. एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर २८० असा आकडा आला की त्या दाराची कहाणी विचारावी लागते.

ओरखडे येतात कोठून?

जाळ्यासारख्या दिसणाऱ्या रेषा अपघाताने येत नाहीत, त्या पुसण्याने येतात. आपल्या शहरांतील धुळीत बांधकामाची वाळू आणि दगडी चुऱ्याचे कण भरपूर असतात. वाळूतील स्फटिक क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. कोरड्या गाडीवर फडके फिरवणे म्हणजे सौम्य पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. पिसांचा किंवा मेण लावलेल्या धाग्यांचा झटकणीवजा ब्रश त्यातल्या त्यात बरा, असा समज आहे. पण तोही धूळ उचलतो कमी आणि सरकवतो जास्त.

यावरचा उपाय फुकटात पडावा इतका स्वस्त आहे, आणि कदाचित म्हणूनच तो कोणी विकत नाही. गाडी रोज पुसू नये. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा सावलीत, पत्रा थंड असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ जाऊ द्यावी. मग एका बादलीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळून घेण्यासाठी स्वच्छ पाणी घ्यावे. टपापासून सुरुवात करून खाली यावे. चाकांसाठी आणि खालच्या पट्टीसाठी कापड वेगळेच ठेवावे. भांडी घासायचा साबण चिकटपणा काढतो, पण रंगावर लावलेले मेणही त्याबरोबर काढून टाकतो. पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे जाड टॉवेल घ्यावेत आणि ते जमिनीवर पडले तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नयेत. पाणीटंचाईच्या काळात दोन बादल्याही चैन वाटू शकतात. त्यावेळी गाडी धुळीने माखलेली राहिलेली बरी. धूळ बसून राहिल्याने रंगाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ती घासल्याने.

सोसायटीतील पुसणाऱ्या माणसाचे काय करावे, हा त्यातला नाजूक प्रश्न. एकदम नकार देण्यापेक्षा काचा, चाके आणि आतील पायपुसणी एवढेच काम त्याच्याकडे सोपवण्याचा मार्ग अनेक मालकांनी काढला आहे. त्याचा रोजगार राहतो आणि रंगही राहतो.

धुण्याचे पाणीही निरुपद्रवी नसते. कूपनलिकेच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात पाणी वाळले की त्यांचे पांढरे गोल डाग उरतात आणि काही आठवड्यांनी ते क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. धुतल्यावर गाडी लगेच टिपून घेण्याला पर्याय नाही. पक्ष्यांची विष्ठा याहून घातक. तिच्यातील आम्ल काम करतेच. शिवाय दुपारच्या उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो आणि संध्याकाळी थंड होताना त्या वाळलेल्या गोळ्याभोवतीच आकसतो. डाग धुतला तरी ठसा राहतो तो त्यामुळे. ओले कापड काही मिनिटे डागावर ठेवून तो मऊ झाल्यावर अलगद उचलावा, नखाने खरवडू नये. मुंबईतील वर्षावृक्षांखाली उभ्या गाड्यांवर चिकट थर साचतो. तो बहुधा झाडाचा चीक नसून झाडावरील कीटकांनी सोडलेला गोड द्रव असतो. लोहमार्गालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांवर, विशेषतः पांढऱ्या रंगावर, तांबूस बारीक ठिपके दिसतात. ते रुळांच्या आणि ब्रेकच्या घर्षणातून उडालेल्या लोहकणांचे. असे कण धुतल्याने जात नाहीत. त्यासाठी लोहकण विरघळवणारा, लावल्यावर जांभळा होणारा द्रव किंवा चिकणमातीसारखी क्ले बार वापरतात.

रबिंगचा मोह

सर्व्हिस सेंटरच्या बिलात ‘रबिंग-पॉलिश’ ही ओळ बहुतेकांनी पाहिलेली असते. ओरखडा हा क्लिअर कोटमधील खोबण असतो. तो ‘भरून’ निघत नाही; भोवतालचा थर घासून खोबणीच्या तळापर्यंत खाली आणला जातो, तेव्हा तो दिसेनासा होतो. हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, जोरकस रबिंगमध्ये त्याहून बरेच अधिक. संपूर्ण आयुष्यात सुरक्षितपणे घासता येण्याजोगा भाग जेमतेम आठ-दहा मायक्रॉनचा मानला जातो. दर सर्व्हिसिंगला ‘फ्री’ पॉलिश मिळते म्हणून हरखून जाणारा मालक प्रत्यक्षात या मर्यादित पुंजीतून दर वर्षी पैसे काढत असतो.

त्यात यंत्राचाही प्रश्न असतो. एकाच दिशेने वेगाने फिरणाऱ्या रोटरी यंत्राला लोकरीचा पॅड लावून घाईत काम उरकले की उन्हात धुरकट, सरकत्या सावल्यांसारखे वळसे दिसतात. कडांवर आणि पत्र्याच्या उंचवट्यांवर रंग मुळातच पातळ असतो. तेथे यंत्र क्षणभर जास्त थांबले तर थेट प्रायमर दिसतो. दुहेरी गतीचे ड्युअल ॲक्शन यंत्र हळू काम करते, पण चुकीला क्षमा करते. काम देण्यापूर्वी स्टुडिओकडे जाडी मोजण्याचे यंत्र आहे का, ते प्रत्येक पत्र्यावर वापरून आकडे लिहून देतात का, एवढा एक प्रश्न विचारला तरी कारागिराची पारख होते. हे यंत्र सर्व थरांची एकत्रित जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. आणि साधी यंत्रे प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाहीत. तेव्हा आकडा चांगला आला म्हणजे हवे तेवढे घासायला मोकळीक मिळाली, असा अर्थ काढू नये. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावायचेच नसते. तेथे घासणे म्हणजे मॅटपणा कायमचा गमावणे.

मेण, टेफ्लॉन, सिरॅमिक, फिल्म

संरक्षणाच्या बाजारात सर्वांत जुने नाव कार्नोबा मेणाचे. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते. चमक सुरेख येते, पण आपल्या उन्हा-पावसात ते काही आठवडेच टिकते. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने तग धरते. सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी धुण्यात आनंद मानणाऱ्याला यापेक्षा अधिक काही लागतेच असे नाही.

टेफ्लॉन कोटिंग या नावाने शोरूममध्ये वर्षानुवर्षे विक्री झाली. तव्यावर टेफ्लॉन बसवण्यासाठी तीनशे अंशांहून अधिक तापमान लागते, आणि गाडीचा रंग ते सहन करू शकत नाही. त्यामुळे पॉलिशच्या डब्यात त्याचे कण मिसळल्याने तव्यासारखे कवच रंगावर चढते, हा समज निराधार आहे. गाडीला मिळते ते मुख्यतः सीलंटच.

सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकायुक्त राळ रंगाशी रासायनिक बंध जोडून कडक होते. पाणी मोत्यांसारखे ओघळून जाते, घाण कमी चिकटते, धुणे सोपे होते आणि विष्ठा किंवा क्षार यांच्या आक्रमणाला थोडा उसंत मिळतो. हे फायदे खरे आहेत आणि नीट लावलेले कोटिंग दोन-तीन वर्षे ते देते. मात्र त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच असते. जाहिरातीतील ‘९ एच’ हा आकडा हिऱ्याच्या कठीणपणाच्या मापातला नव्हे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली रंगावर ओढून पाहण्याच्या चाचणीतील तो सर्वांत वरचा क्रमांक आहे. खडा उडाला, किल्ली लागली, फडक्यात वाळू राहिली तर सिरॅमिक काहीही थोपवू शकत नाही. ‘दहा वर्षे टिकाऊ’ असे सांगणाऱ्या पत्रकाच्या तळाशी दर सहा महिन्यांनी सशुल्क देखभाल बंधनकारक असल्याची ओळ असते, ती वाचावी. ग्राफिनच्या नावाने मिळणारी बहुतेक कोटिंगे मुळात सिरॅमिकच असतात. नावाचा दर मात्र वेगळा लागतो. आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचित सांगतात: पाणी थेंबाथेंबाने उभे राहते तेथे क्षारांचे डागही तसेच गोलगोल उमटतात. कूपनलिकेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या वसाहतीत सिरॅमिक लावलेली गाडी धुऊन तशीच उन्हात सोडली, तर ती साध्या गाडीहून वाईट दिसू शकते.

खड्यांपासून खरे संरक्षण देते ती पेंट प्रोटेक्शन फिल्म अर्थात पीपीएफ. तिचे मूळ व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांना वाळू-दगडांपासून वाचवण्यासाठी वापरलेल्या फिल्ममध्ये आहे. आजची चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन म्हणजे टीपीयूची, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते. म्हणजे गाडीच्या सर्व रंगथरांहूनही जाड. तिच्या वरच्या थरावरील बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने मिटतात. बाजारात याच नावाखाली पीव्हीसीवर आधारित स्वस्त फिल्मही मिळते. ‘टीपीएच’ हे तिचेच थोडे सुधारलेले रूप. ती लवकर पिवळी पडते, ताठर होते आणि काढताना त्रास देते. दरपत्रकात ‘टीपीयू’ हा शब्द आणि बिलावर उत्पादकाचे नाव व रोलचा क्रमांक असणे म्हणूनच महत्त्वाचे.

खर्चाचा विचार करता मध्यम आकाराच्या गाडीला सिरॅमिक साधारण १५ ते ४० हजारांत होते. संपूर्ण गाडीला टीपीयू फिल्म लावायची तर पाऊण लाखापासून दोन लाखांपर्यंत आकडा जातो. आठ-दहा लाखांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का, याचे उत्तर गाडी कोठे धावते यावर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर आठवड्याला फेरी असेल तर बंपर, बॉनेट, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्याच भागाला फिल्म लावणे पुरेसे ठरते. खडे समोरूनच येतात. टपावर आणि डिकीवर लाखाचे आवरण चढवून मिळते ते मुख्यतः मनाचे समाधान. केवळ घर ते कार्यालय असा प्रवास असेल तर दोन चांगले टॉवेल, शाम्पू आणि वर्षातून दोनदा सीलंट यांत काम भागते.

फिल्म लावणाऱ्याचा हात फिल्मच्या कंपनीइतकाच निर्णायक असतो. गाडीवरच पाते फिरवून कापणाऱ्याकडून रंगावर कायमची चीर जाऊ शकते. संगणकावर मापे घेऊन आधीच कापलेले तुकडे वापरणारा बरा. गाडीचा एखादा भाग नुकताच रंगवला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे किमान महिनाभर, फिल्म लावू नये. पुन्हा रंगवलेल्या भागावरील फिल्म काढताना तिच्याबरोबर रंगही उचलला जाण्याची शक्यता असते, हे आधीच जाणून घ्यावे. रंगीत फिल्म लावून गाडीचे रूपच पालटायचे असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा रंग लिहिलेला असतो याचा विसर पडू नये. आरटीओत नोंद न करता केलेला बदल रस्त्यावरच्या तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात अंगाशी येऊ शकतो.

नवी गाडी घेणाऱ्याने एक दक्षता मात्र जरूर घ्यावी. ताबा देण्यापूर्वी शोरूममध्ये गाडी घाईने धुऊन, पुसून, कधी यंत्र फिरवून चमकवली जाते आणि शून्य किलोमीटरची गाडी ओरखड्यांसह घरी येते. ‘गाडी धुऊ नका, आवरणे काढू नका, पॉलिश करू नका’ असे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलेले चांगले.

न दिसणारी देखभाल

रंगावर लाखभर रुपये घालणारा मालक काही शे ते हजारभर रुपयांच्या ब्रेक ऑइलबाबत उदासीन असतो, हा अनुभव गॅरेजवाले नेहमी सांगतात. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. डॉट-४ दर्जाचे ताजे द्रव किमान २३० अंशांना उकळते. पाणी शोषलेल्या अवस्थेसाठी तीच मर्यादा १५५ अंश इतकी खाली येते. खंबाटकी, आंबोली किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने द्रव तापते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी याचा संबंध नाही. वाहनतळात उभ्या गाडीचे द्रवही बाष्प शोषतच असते. साधारण दोन वर्षांनी ते बदलणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे. विद्युत गाड्यांनाही यातून सूट नाही.

इंजिन ऑइलच्या बाबतीत उलट प्रकार दिसतो. हौशी मालक महागात महाग, ‘रेसिंग’ असे लिहिलेला डबा घेऊन येतो. वस्तुतः उत्पादकाने पुस्तिकेत दिलेला दर्जा आणि घट्टपणा, उदाहरणार्थ ० डब्ल्यू-२० किंवा ५ डब्ल्यू-३०, हा डब्यावरील चित्रापेक्षा महत्त्वाचा असतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्याला राख कमी सोडणारे विशिष्ट ऑइलच लागते. चुकीचे ऑइल घातल्यास काही हजार वाचतात आणि लाखाच्या घरातला भाग निकामी होतो. हा फिल्टर साचलेली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग वेगात धावणे मागतो. रोज आठ किलोमीटर रेंगाळणाऱ्याने डिझेल गाडी घेणे हीच मुळात चुकीची निवड ठरते.

पुस्तिकेतील ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ या वाक्याचा उत्तरार्ध वाचला जात नाही. केवळ रविवारी बाहेर पडणारी जपलेली गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते, म्हणून मालक तीन वर्षे ऑइल बदलत नाही. लहान-लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, बाष्प आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये मिसळत जाते. त्याच पुस्तिकेत धूळ, कोंडी, घाट, लहान अंतरे यांचा उल्लेख ‘कठीण वापर’ म्हणून केलेला असतो आणि त्यासाठी अधिक लवकरचे वेळापत्रक दिलेले असते. मुंबई-पुण्यातील रोजची वाहतूक या व्याख्येत तंतोतंत बसते.

इंधनाचा प्रश्नही आता देखभालीचा झाला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या इंधनाला टिकतील असे बनवण्यात आले. त्यापूर्वीच्या, विशेषतः बऱ्याच जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वायसर यांकडे लक्ष ठेवावे लागते. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या हौशीच्या गाडीत जुने इंधन साठवून ठेवणे हिताचे नाही. नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालाने जुन्या धाटणीच्या चारचाकींची इंधन कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांपर्यंत घटू शकते, असा अंदाज दिला होता. मायलेज थोडे उतरले म्हणून लगेच ‘इंजेक्टर क्लीनिंग’ करून घेण्याची घाई म्हणूनच अनाठायी ठरते.

जॉब कार्डवरील पाहुणे

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सोडताना सल्लागार संगणकावर भराभर टिचक्या मारतो आणि जॉब कार्डावर ‘डीकार्बनायझेशन’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’, ‘इंजिन ड्रेसिंग’, ‘एसी डिसइन्फेक्टंट’, ‘इंटिरिअर एनरिचमेंट’ अशी मंडळी पाहुण्यांसारखी येऊन बसतात. यांतील काही कामे काही गाड्यांना खरोखर लागतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत, त्यामुळे तेथे काजळी साचते. पण टाकीत ओतायच्या बाटलीने ती निघत नाही, कारण ते इंधन त्या झडपांपर्यंत पोहोचतच नाही. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनाला वीस हजार किलोमीटरवर डीकार्बनायझेशन लावणे म्हणजे बिलाची सजावट होय. एक साधा नियम उपयोगी पडतो: सुचवलेले काम पुस्तिकेच्या वेळापत्रकात आहे का? नसेल तर कोणते लक्षण दिसले म्हणून ते सुचवले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ती ओळ खोडून मगच सही करावी.

टायरमध्ये नायट्रोजन भरण्याबाबतही तेच. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. भरायला हरकत नाही, पण दर पंधरवड्याला थंड टायरचा दाब तपासणे त्याने टळत नाही. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या मार्गावर उन्हाळ्यात तासन्‌तास वेगाने जाताना दाब कमी असलेला टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. टायरच्या बाजूवरील चार अंकी संख्येत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर महामार्गावर नेण्यापूर्वी तपासून घ्यावा.

अधिकृत की बाहेरचे?

वॉरंटी संपेपर्यंत अधिकृत केंद्र आणि नंतर ओळखीचा मेकॅनिक, ही बहुतेकांची वहिवाट. बाहेर हात लावला की वॉरंटी गेली, ही भीती त्यामागे असते. याबाबत भारतीय स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ मधील आदेश महत्त्वाचा आहे. सुटे भाग खुल्या बाजारात न देणे आणि स्वतंत्र गॅरेजांची कोंडी करणे या कारणांवरून आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सरासरी उलाढालीच्या दोन टक्के, म्हणजे एकत्रित २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले. हे प्रकरण पुढे अपिलात आणि उच्च न्यायालयांत गेले. व्यवहारात मात्र दाव्याच्या वेळी मालकाला स्वतःच झगडावे लागते. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सची कामे वॉरंटीत असेतो अधिकृत केंद्रातच केलेली सोयीची, तर टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, डिटेलिंग बाहेर करण्यास घाबरण्याचे कारण नाही. वायरिंग कापून बसवलेले दिवे आणि कर्कश हॉर्न हे खऱ्या वादाचे मूळ असते. शक्य तेथे कारखान्याच्या जोडणीत बसणारे कपलरच वापरावेत.

पुण्यातील नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड येथे बंद झालेल्या गाड्यांचे भागही मिळतात. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हे बाजार वरदानच. आरसा, दिवा, दाराची कडी येथे जरूर शोधावी. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत मात्र जुन्या मालाचा विचारही करू नये.

किरकोळ पोचा आला की विम्याचा दावा करण्याची घाईही हिशेबात बसत नाही. दावा न केल्यास ‘नो क्लेम बोनस’ पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि वाढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो. चार-पाच हजारांच्या बंपरसाठी तो पणाला लावणे परवडत नाही. रंग फुटला नसेल तर पत्रा आतून दाबून पोचा काढणारे कारागीर शहरांत उपलब्ध आहेत. त्यात मूळ रंग कायम राहतो आणि डेंटिंग-पेंटिंग टळते.

पावसाळ्याच्या तोंडावर करण्याची कामे थोडी आणि स्वस्त आहेत. दारांच्या तळाची आणि सनरूफच्या कोपऱ्यांतील पाण्याची भोके मोकळी करावीत, वायपरखालच्या जाळीतील पालापाचोळा उपसावा, वायपरची रबरे बदलावीत. कोकण किनारपट्टीवर किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गाडीचा तळही साध्या पाण्याने नियमित धुवावा, कारण खारी हवा वरच्या रंगाआधी खालचे नटबोल्ट गाठते. बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडण्याच्या तक्रारी याच दिवसांत वाढतात. जुने मेकॅनिक तंबाखूची पाने बांधायला सांगतात. त्यापेक्षा हवेच्या वाटेवर तारेची बारीक जाळी बसवणे आणि गाडीत खाण्याचे तुकडे न ठेवणे अधिक भरवशाचे. उभी गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवावी. बॅटरी, टायर आणि ब्रेकच्या तबकड्या या तिन्हींना त्याची गरज असते.